आजीची सुई आणि सोलापूरचं सूत

सोलापूरच्या कापडाचा इतिहास सांगताना माग मोजले जातात, चात्या मोजल्या जातात, गिरणीच्या पटावर किती कामगार होते तेही सांगितलं जातं. सुईची मोजदाद कुणी करत नाही. घराघरांत बायकांनी जन्मभर जे शिवलं, भरलं, विणलं ते सगळं ‘फावल्या वेळची हौस’ या एकाच खात्यात जमा होतं. माझी आजी अशा असंख्य बायकांपैकी एक. तिच्या हातच्या वाकळा आम्ही अजून पांघरतो, तिने शिवलेली बाराबंदी मी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत घालतो, आणि तिच्या काळ्या चंद्रकळेवरचा रथ घरातल्या प्रत्येक सुनेने एकदा तरी अंगावर मिरवला आहे. हे टाके तिच्याकडे कुठून आले, याचा माग काढायला लागलो तेव्हा तो विजापूरकडे गेला, गिरणीकडे गेला, मुलींच्या शाळेकडे गेला आणि शेजारच्या विणकरांच्या ओसरीवरही गेला. तिची हौस खरी होतीच, पण त्या हौसेला या शहराने सूत पुरवलं.

आजीचा जन्म अक्कलकोट संस्थानातल्या एका खेड्यातला. तिच्या माहेरी घरात कानडी आणि बाजारात मराठी. आईला ती अव्वा म्हणायची. अव्वा विजापूरकडची, आणि तिच्याबरोबर घरात आली कसुती. धारवाड, विजापूर, बेळगाव, जमखंडी या पट्ट्यातलं हे भरतकाम इरकली साडीच्या पदरावर आणि खणाच्या चोळीवर केलं जायचं. त्यात चित्र आधी काढून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर गोपूर, पालखी, रथ, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन उभं करायचं. दोऱ्याला गाठ मारायची नाही.

कसुतीत चार टाके मानतात: गवंती, मुर्गी, नेयगी आणि मेंथी. नेयगी हा साधा धावता टाका, पण तो असा घालतात की काम विणून काढल्यासारखं दिसतं. मुर्गी जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत जाते. मेंथी फुलीची. या सगळ्यांत आजीचा जीव गवंतीवर. गवंतीत सुई जाताना एक घर भरते, एक सोडते, आणि परतताना सोडलेली घरं भरत येते. त्यामुळे कापड उलटं केलं तरी चित्र तेच दिसतं. ऐकायला सोपं वाटतं, पण रथाला कळस असतो, कळसाला पताका असते, खाली चाकं असतात. सुईला प्रत्येक फाट्यावर बाहेर जाऊन त्याच वाटेने मुख्य रेषेवर परत यायचं असतं. वाट चुकली तर मध्येच अडकायला होतं आणि सगळं उसवावं लागतं. म्हणजे पहिला टाका घालण्याआधी अख्खा रथ डोक्यात फिरून यायला हवा. आजी चौथी शिकलेली होती. कागदावर एक रेघही न ओढता ती हा हिशेब करायची, आणि मधूनच कुणी हाक मारली तर ओठांतल्या ओठांत कानडी आकडे पुटपुटत हातानेच ‘थांब’ म्हणून खुणावायची.

अव्वाने तिला शिकवलं ते एका हातभर फडक्यावर. तिकडच्या घरांत मुलीसाठी असं नमुन्यांचं कापड असायचंच. पुस्तकाची जागा त्याने घेतलेली. एका कोपऱ्यात हंस, त्याखाली चौकटी, मग शंख, मग नंदी. आजीचं फडकं आमच्याकडे आहे. त्यावरचा खालचा अर्धा भाग तिचा नाही, तिच्या आईचा आहे, हे टाक्याच्या ताणावरून ओळखू येतं. अव्वाचा टाका घट्ट, आजीचा किंचित सैल आणि म्हणून अधिक सपाट.

विजापूर आणि सोलापूर यांच्यातलं हे येणंजाणं नुसतं नात्यागोत्याचं नव्हतं. होटगीहून विजापूरमार्गे गदगला जाणारी मीटरगेज लाईन १८८० च्या दशकात सुरू झाली आणि मुंबई-मद्रास मार्गावरचं सोलापूर कर्नाटकातल्या विणकर गावांना जोडलं गेलं. इरकलची लुगडी, गुळेदगुड्डचे खण हा माल सोलापूरच्या बाजारात येऊ लागला. चाटी गल्लीत लुगडं घ्यायचं आणि खण वेगळा निवडायचा ही जुन्या बायकांची रीत. खण आला की चोळी आली, आणि चोळी अंगाबरहुकूम हातानेच शिवली जायची. आजी सांगायची, चोळी शिवता येत नाही अशी मुलगी तिच्या लहानपणी तिने पाहिली नाही.

१९४८ मध्ये अक्कलकोट संस्थान विलीन होऊन सोलापूर जिल्ह्यात आलं. त्याच सुमारास आजी लग्न होऊन सोलापुरात आली. अव्वाने तिच्याबरोबर दिलेली चंद्रकळा काळी कुळकुळीत, पदरावर तांबड्या, नारिंगी आणि हिरव्या रेशमात रथ आणि हत्ती. काळ्या लुगड्यावर कसुती भरून मुलीला देण्याची कर्नाटकातली रीत आणि संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसण्याची महाराष्ट्रातली रीत, या दोन्ही रीती आमच्या घरी त्या एकाच लुगड्यावर भागल्या.

ज्या सोलापुरात ती आली ते तेव्हा गिरण्यांचं शहर होतं. पहिली कापड गिरणी १८७७ ची. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग हे तिचं कागदावरचं नाव. लोकांच्या तोंडी कायमची ‘जुनी गिरणी’. ती उभी राहिली तेव्हा या भागात मोठा दुष्काळ चालू होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शेत सुकलं म्हणून माणूस भोंग्याच्या आवाजावर जगायला शिकला. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. हातमाग त्याच्याही आधीचे. पेशवाईत माधव पेठ वसली तेव्हापासून विणकर इथे होते, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी पुढे पूर्व भागातल्या पेठाच्या पेठा मागांच्या आवाजाने भरून टाकल्या.

गिरण्यांत बायकाही होत्या, मुख्यतः रीळ आणि वाइंडिंग खात्यांत. पण कायद्याने त्यांच्या रात्रपाळीवर बंधनं आली, १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, यंत्रं बदलली, आणि मालकांना बायका नकोशा झाल्या. बायकांचं काम गिरणीच्या दारातून निघून घरात शिरलं. कुणी विड्या वळू लागलं, कुणी घरच्या मागासाठी कांड्या भरू लागलं. सोलापुरातल्या बाईचा हात कधी रिकामा नव्हता. तिच्या कामाचं पगारपत्रक मात्र राहिलं नाही, आणि इतिहास लिहिणारे बहुतेक वेळा पगारपत्रकच वाचतात.

स्वातंत्र्यलढ्यात, १९३० च्या मे महिन्यात, इथे मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. आमच्या घरात त्या काळाची एकच आठवण टिकली आहे: आजीच्या सासूबाई तेव्हा खादीच्या टोप्या हाताने शिवून द्यायच्या, आणि पोलिसांची चाहूल लागली की बेतलेले तुकडे धान्याच्या कणगीत जायचे.

आजोबा एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. बिऱ्हाड साखर पेठेजवळच्या एका वाड्यात. शेजारी तेलुगू विणकरांचं घर. तिथल्या बाई आजीला ‘अक्का’ म्हणायच्या, आजीही त्यांना ‘अक्का’च म्हणायची, दोघींत मोठी कोण हे शेवटपर्यंत ठरलं नाही. या दोन अक्कांमध्ये जो व्यवहार चालला त्यात पैसा कधीच आला नाही. मागावर उरलेलं रंगीत सूत, कांडीच्या बुडाशी राहिलेलं हातभर, वावभर, ते आजीकडे यायचं. बदल्यात आजी त्यांच्या मुलींचे परकर-पोलके शिवायची. आमच्या जुन्या वाकळांवरचे टाके म्हणूनच इतके रंगीबेरंगी आहेत. एका रांगेत तांबडं सूत सुरू होतं, मध्येच संपतं आणि निळं लागतं. लहानपणी मला ती नक्षी वाटायची. ती त्या आठवड्यात शेजारच्या मागावर कोणती चादर चालू होती त्याची नोंद आहे.

चादरीबद्दल थोडं सांगायला हवं. सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डवर निघते. आधी नक्षी चौकटीच्या कागदावर मांडतात. एक चौकट म्हणजे धाग्याची एक जागा. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, आणि भोक आहे की नाही यावर कोणता धागा उचलला जाईल ते ठरतं. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जेकार्डने आपला माग सिद्ध केला, त्याचंच हे तत्त्व. चादर उलटी केली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. शेजारच्या घरातले काका असे कागद घेऊन बसायचे आणि आजी त्यांच्या मागे उभी राहून ते पाहायची. तिला त्यात नवल वाटलं नाही. धागे मोजून मोर काढणं तिला अव्वाने शिकवलंच होतं. पुढे त्या काकांनी खराब झालेले चौकटीचे कागद तिला द्यायला सुरुवात केली आणि आयुष्यात पहिल्यांदा आजी कागदावर नमुने उतरवू लागली. माझ्या मते तिच्या कामातला सगळ्यात मोठा बदल हाच. त्याआधी नमुना आईच्या हातून मुलीच्या हातात जायचा. कागदावर आल्यावर तो वाड्यातल्या कुणाच्याही हातात गेला.

दुसरी वाट शाळेची. मिशनच्या शाळांनी आणि नंतर सरकारी मुलींच्या शाळांनी शिवण-टिपण हा विषय एकोणिसाव्या शतकातच आणला होता. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन सुरू केलं, तिथे शिवणकामाकडे विधवांना आणि परित्यक्तांना स्वतःच्या पायावर उभं करणारं काम म्हणून पाहिलं गेलं. सोलापुरातही सेवासदनची शाखा निघाली. मुलीला शाळेत घालायला तयार नसलेला बाप ‘निदान शिवण तरी शिकेल’ एवढ्यावर तयार व्हायचा, असं त्या पिढीतल्या अनेक बायका सांगत. आजीची धाकटी नणंद अशीच शाळेत गेली. तिने घरात साखळी टाका, गहू टाका, लेझी डेझी, काजाचा टाका असं सगळं आणलं, आणि मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिच करून दाखवलं तेव्हा आजी म्हणाली, “अगं, ही तर आमची मेंथी!” नणंदेने आजीला साखळी शिकवली, आजीने तिला गवंती. स्वयंपाक आटोपल्यावर दुपारी माजघरात हा वर्ग चालायचा आणि सासूबाई त्याला हरकत घ्यायच्या नाहीत, कारण त्याच वेळी घरातलं फाटकं-उसवलंही दुरुस्त व्हायचं.

शाळेच्या भरतकामाबरोबर बाजारही आला. नवी पेठेत रिंग मिळायची, अँकरच्या लडी मिळायच्या. लडीत आठ मीटर दोरा, सहा पदरी. आजी सहाचे दोन-दोन पदर सोडवून घ्यायची, एका लडीत तिप्पट काम. दोरा हाताच्या कोपरापर्यंतच कापायचा, त्याहून लांब घेतला तर गुंततो आणि शेवटी पिसारतो, हा तिचा नियम आणि तो अगदी बरोबर आहे. छापाही मारून मिळायचा: नक्षीच्या पातळ कागदाला सुईने बारीक भोकं पाडलेली असतात, त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवली की खालच्या कापडावर ठिपके उमटतात. आजीने छाप्यावरची फुलं पुष्कळ भरली, उशांच्या अभ्र्यांवर, रेडिओच्या कव्हरवर, रुखवतातल्या रुमालांवर. पण छापलेल्या फुलांना ती ‘भरायचं काम’ म्हणायची, आणि मोजून केलेल्या कामालाच ‘काम’.

१९६० च्या दशकात जुनी गिरणी बंद पडली आणि शहराला पहिला मोठा धक्का बसला. आजोबांची गिरणी चालू होती, पण पगार पुढेमागे होऊ लागला. तेव्हा आजीने हप्त्यावर पायमशीन घेतलं, उषाचं. परदेशी मशीनच्या जोडीला कलकत्त्यात १९३० च्या दशकापासून बनू लागलेली ही देशी मशीन तोवर लहान गावांतही पोचली होती. हातातल्या सुईचं घर चालवणाऱ्या सुईत रूपांतर झालं ते इथे. झबली, टोपडी, कुंच्या, परकर, पुढे ब्लाऊज. नंतर काही वर्षांनी आजोबांच्या गिरणीलाही टाळं लागलं आणि देणी अडकली, त्या काळात आमच्या घरात दोन मुलींची लग्नं आणि वडिलांचं कॉलेज झालं. हे कोणाच्या कमाईवर झालं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. शिधापत्रिकेवर मात्र तिच्या नावापुढे ‘घरकाम’च राहिलं.

एक काम मात्र तिने मशीनवर घातलं नाही. सिद्धेश्वराची यात्रा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने संक्रांतीला भरणाऱ्या या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच, जड काठ्या निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते, संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात. नंदीध्वज धरणारे आणि त्यांच्याबरोबर चालणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. त्या दिवसांत सोलापूरच्या रस्त्यावर पांढऱ्या बंदांचा जो पूर दिसतो तो दुसरीकडे कुठे दिसत नाही. आजी मार्गशीर्षात कापड आणून धुऊन आटवून घ्यायची आणि बाराबंदी हातटीपेने शिवायची. नंदीध्वज पेलताना खांद्यावर आणि काखेत सगळा ताण येतो. म्हणून ती काखेत चौकोनी तुकडा जोडायची आणि तिथे उलटी टीप घालायची. उलट्या टीपेत प्रत्येक टाका मागे वळून पुढे जातो, एक तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. मशीनची टीप उसवायला लागली की सरसर उसवते, असं तिचं म्हणणं. माझ्या अंगावरची बाराबंदी आजोबांसाठी शिवलेली आहे. तिचे बंद दोनदा बदलले, काखेतली टीप पहिलीच आहे.

आता वाकळ. माझ्या लेखी सोलापूरच्या सुईची सगळ्यात मोठी निर्मिती हीच. नऊवारी सुती लुगडं पंधरा-वीस वर्षं नेसून, धुऊन मऊसूत झालं की त्याचं पांघरूण व्हायचं. खाली एक लुगडं, वर एक, मध्ये धोतरं, जुने सदरे, पोलक्यांचे तुकडे. उन्हाळ्यात, पापड-कुरडयांचं काम संपलं की वाड्याच्या चौकात ती पसरायची. चार बाजूंनी चौघी बसायच्या आणि कडेकडेने धावदोरा घालत आत सरकायच्या. आत जाणाऱ्या त्या चौकोनांमुळे कापडाचे थर सरकत नाहीत आणि ऊबही कोंडून राहते. १९७२ च्या दुष्काळाच्या साली आजीने वाकळी करून दिल्या त्याचे पैसे घेतले नाहीत. खडी फोडायला जाणाऱ्या बायका आपली लुगडी आणून द्यायच्या, दोरा आजीचा.

वाकळ मागे पडली याचा दोष नव्या सुनांच्या आळशीपणाला दिला जातो. मला ते पटत नाही. १९७० नंतर घरोघरी नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, विरत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि त्यांच्यातून सुई घसरते. नऊवारीची जागा सहावारीने घेतली तेव्हा एका साडीतलं कापडही घटलं. ज्या कापडाच्या म्हातारपणावर वाकळ उभी होती ते कापडच बाजारातून गेलं. आजीने सिंथेटिक साड्यांची वाकळ करून पाहिली होती. दोन महिन्यांत तिच्या आतले थर गोळा झाले. तिने ती उसवली आणि त्या साड्यांची तोरणं केली.

नव्वदच्या दशकापासून उरलेल्या मोठ्या गिरण्याही बंद होत गेल्या. हातमागांची जागा यंत्रमागांनी आधीच घेतली होती. आता सोलापूर शालेय गणवेशांसाठी ओळखलं जाऊ लागलं, आणि त्या धंद्याचं कितीतरी काम आजही घराघरांत होतं. काज करणं, बटण लावणं, दोरे कापणं, नगावर पैसे. माझ्या आत्याने हे काम बरीच वर्षं केलं. काजाचा टाका तिला आजीने शिकवला होता, आजीला नणंदेने, नणंदेला शाळेने. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, तिकडे कसुतीलाही मिळालं. बटण लावणाऱ्या हाताला आणि वाकळीच्या टाक्याला अजून कुठल्याच नोंदवहीत जागा नाही.

शेवटच्या वर्षांत मोतीबिंदूनंतर आजीला मोजणीचं काम जमेना. तेव्हा ती फक्त धावदोरा घालायची, पणतवंडांच्या दुपट्यांना. तो धावदोरा सरळ यायचा, कारण तो डोळ्यांनी घातलेला नव्हताच.

ती गेल्यावर आम्ही भावंडांनी ठरवून एक काम हाती घेतलं. प्रत्येक वस्तूला सुती पट्टीचा तुकडा टाचून त्यावर लिहायचं: कुणाचं लुगडं, कोणता टाका, दोरा कुठला, कुणासाठी. आत्या आणि शेजारच्या अक्कांची मुलगी यांना जेवढं आठवलं तेवढं लिहून झालं आहे. चंद्रकळा प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या मलमलमध्ये ठेवली, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि रेशीम त्याने कुजतं. घडी दर वर्षी संक्रांतीनंतर बदलतो, नाहीतर मोडीवर कापड चिरतं. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देत नाही. नमुन्यांचं फडकं सपाट ठेवलं आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले आहेत, कारण गवंती नीट उतरवून घ्यायची तर उलटी बाजू लागते. चौकटीच्या कागदावरचे तिचे एकतीस नमुने मिळाले. त्यातले रथ, हत्ती आणि वृंदावन आत्याच्या मुलीने भरून पाहिले आहेत आणि ते जुळतात. एक नंदीचा नमुना अजून सुटलेला नाही: शिंगापाशी सुई बाहेर जाते आणि परतीची वाट कागदावर काढलेली नाही. ती आजीच्या डोक्यात होती. आत्याची मुलगी सध्या त्याच्यावर बसली आहे.